चालू रुग्णालयात नवी आंतररुग्ण इमारत: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

कर्करोग, हृदयविकार, बालरोग अशा एखाद्याच विषयाला वाहिलेल्या रुग्णालयाची नवी इमारत उभी राहते तेव्हा स्लॅब आणि भिंतींत सहसा मोठ्या चुका होत नाहीत. चुका होतात त्या क्रमात. ऑक्सिजनची लाइन कुठून येणार हे ठरण्याआधी खोल्यांचे नकाशे मंजूर होतात. धुळीचा बंदोबस्त होण्याआधी जुनी भिंत फुटते. रुग्ण हलवायची तारीख उद्घाटनाच्या तारखेवरून ठरते. या सगळ्याचा त्रास शेवटी खाटेवर झोपलेल्या माणसाला होतो.

खाली दिलेला क्रम पुढच्या परिस्थितीसाठी आहे: जुनं रुग्णालय त्याच आवारात चालू आहे, ते एक दिवसही बंद ठेवता येणार नाही, आणि दाखल रुग्ण शेजारच्या नव्या इमारतीत जाणार आहेत. शस्त्रक्रियागृह, स्कॅन, प्रयोगशाळा यांतलं बरंच काही जुन्या इमारतीतच राहणार आहे.

## १. आधी मुक्काम मोजा, मग खाटा

पहिल्या बैठकीत "किती खाटा हव्यात?" असं विचारलं की प्रत्येक विभागप्रमुख आजच्या आकड्यात थोडी भर घालून उत्तर देतो. ती बेरीज घेऊन वास्तुविशारदाकडे जाऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींमधून विभागवार दोन आकडे काढा: किती रुग्ण दाखल झाले आणि सरासरी किती दिवस राहिले.

समजा वर्षाला ९,००० रुग्ण दाखल होतात आणि सरासरी मुक्काम ५ दिवसांचा आहे. झाले ४५,००० खाट-दिवस. ३६५ने भागलं की रोज सरासरी १२३ खाटा भरलेल्या. खाटा ८५ टक्के भरलेल्या राहतील असं धरलं तर १४५ खाटा लागतात. पण हे गणित सगळ्या रुग्णालयाला एकदम लावू नका. विभाग जितका छोटा तितके चढउतार मोठे. १२ खाटांचा आयसीयू सरासरी ८५ टक्के भरत असेल तर अनेक दिवस तिथे एकही खाट रिकामी नसते, आणि शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द कराव्या लागतात. विशेषोपचार रुग्णालयात असे छोटे विभागच जास्त असतात, म्हणून प्रत्येकाचं गणित वेगळं मांडा. आठवड्याचे वारही वेगळे काढा, कारण नियोजित शस्त्रक्रियांमुळे काही वार कायम भरलेले असतात.

मग वही घेऊन एका रुग्णामागे दिवसभर फिरा. वॉर्डातून स्कॅनला, तिथून परत, संध्याकाळी ड्रेसिंगला, रात्री पुन्हा एक्स-रेला. प्रत्येक फेरीला किती वेळ लागला, किती दारं उघडली, लिफ्टसाठी किती थांबावं लागलं ते लिहा. असे निदान दहा रुग्ण करा. नवी इमारत झाल्यावर यांतल्या किती फेऱ्या दोन इमारतींमध्ये होतील हे त्या वहीतूनच कळतं.

जोडपूल इथेच ठरतो, आणि तो ठरवताना हमखास विसरली जाते ती मजल्याची पातळी. जुन्या इमारतीचे मजले कमी उंचीचे असतात. नव्या इमारतीला हवेच्या डक्टसाठी जास्त उंची लागते. मग एका मजल्यावर पूल सरळ जुळतो आणि बाकी मजल्यांवर फरक पडतो. फक्त ३० सेंटिमीटरचा फरक असला तरी १:१२ उताराला ३.६ मीटर लांबी लागते, आणि त्या उतारावर रुग्णासकट खाट ढकलताना दोन माणसंही दमतात. १:२० धरा, म्हणजे ६ मीटर. सगळ्यात जास्त फेऱ्या ज्या मजल्यावर होतात, तिथे पातळी तंतोतंत जुळवून घ्या.

पडताळा: विभागवार खाटा, फेऱ्यांची वही आणि दोन्ही इमारतींच्या पातळ्या हातात आल्याशिवाय खोल्यांचे नकाशे काढायला सांगू नका.

## २. वेळापत्रक शेवटाकडून लिहा

कागदाच्या उजव्या टोकाला "शेवटचा रुग्ण हलला" असं लिहा आणि मागे या. त्याआधी तालमी. त्याआधी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. त्याआधी स्वच्छता आणि उपकरणांची मांडणी. त्याआधी हवा, पाणी, वायू, वीज यांच्या चाचण्या. त्याआधी बांधकामाचा ताबा. ताबा मिळण्याची आणि पहिला रुग्ण येण्याची तारीख यांच्यात काही महिन्यांचं अंतर लागतं. बांधकाम लांबलं की पहिला घाला याच अंतरावर पडतो. चाचण्या आणि प्रशिक्षण एकाच आठवड्यात कोंबले जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

मागवल्यावर यायला महिने लागतात अशा वस्तूंची यादीही याच वेळी करा: जनरेटर, विजेची मुख्य पॅनेल, लिफ्ट, एएचयू (हवा गाळून, थंड करून खोल्यांना पुरवणारं यंत्र), मोठी स्कॅन यंत्रं. नकाशा पूर्ण होण्याची वाट पाहत यांची मागणी अडवून ठेवली, तर रंग दिलेल्या इमारतीत सगळे पॅनेलची वाट पाहत बसतात.

सावध: उद्घाटन आणि रुग्ण हलवणं यांच्या तारखा एकमेकींना बांधू नका. समारंभ आधी होऊ द्या, नंतर होऊ द्या. पाहुण्यांची तारीख पक्की झाली म्हणून ऑक्सिजनची राहिलेली चाचणी वगळता येणार नाही.

## ३. खोदण्याआधी जमिनीखाली बघा

जुन्या आवाराखाली काय काय गेलंय हे कुठल्याच नकाशात पूर्ण सापडत नाही. जे सापडतं ते अनेक वर्षं आवारात काम करणाऱ्या प्लंबरच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात असतं. त्यांच्याबरोबर आवारात फिरा, चुन्याने रेषा मारा, मग यंत्राने शोध घ्या, आणि शंकेच्या जागी हाताने खड्डे खणून खात्री करा. मी पाहिलेल्या एका कामात नकाशात कुठेच नसलेली केबल खोदकाम यंत्राच्या दाताखाली आली आणि जुन्या इमारतीची एक बाजू अंधारात गेली. जनरेटर लागला, कुणाला इजा झाली नाही. पण त्या बाजूला डायलिसिसची यंत्रं चालू होती. त्या खोलीतल्या परिचारिकेचा चेहरा मला आजही आठवतो.

क्रम असा ठेवा:

१. वीज, पाणी, सांडपाणी, वायू आणि फायर लाइन या सगळ्यांची खोदाईच्या जागेतली वळणं आधी बदला. नव्या मार्गावर त्या काही आठवडे चालू द्या. मगच जुने मार्ग बंद करा.

२. कुठलाही पुरवठा थोड्या वेळासाठी तोडायचा असेल तर लेखी परवानगी हवी. कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, किती मिनिटं, कुठल्या खोल्यांवर परिणाम, पर्याय काय. त्या वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेची सही असल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

३. ऑक्सिजन तोडायचा असेल तर प्रत्येक बाधित खाटेजवळ भरलेला सिलिंडर आधी नेऊन ठेवा आणि त्याची चावी त्याच सिलिंडरला बांधा.

४. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीचा रस्ता रोज मोकळा आहे हे एका नेमलेल्या माणसाने सकाळी चालून बघावं.

सावध: बांधकामाच्या कुंपणामुळे जुन्या इमारतीचा एखादा आपत्कालीन जिना बंद होत असेल, तर कुंपण लागण्याआधी पर्यायी वाट, नव्या पाट्या आणि वॉर्डवार सराव हे तिन्ही झालेलं हवं.

## ४. एक खोली खरोखर बांधून बघा

नकाशावर खोली नेहमी मोठी दिसते. रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने खोलीच्या रेषा मारा आणि त्यात खरी खाट आणून ठेवा. हे एका दुपारचं काम आहे. त्यानंतर पूर्ण मापाची, भिंती, दार, बेसिन, बेडहेड पॅनेल (खाटेमागची वायू-विजेची पट्टी) असलेली नमुना खोली बांधा. हा खर्च वाचवू नका. एका खोलीतली चूक तेवढ्यावरच थांबते. तीच इमारतीत गेली तर शंभर खोल्यांत गिरवली जाते.

नमुना खोलीत डॉक्टरांना दहा मिनिटं फिरवून आणणं म्हणजे तपासणी नव्हे. रात्रपाळीच्या परिचारिकांना, वॉर्डबॉयला, सफाई कामगारांना बोलवा आणि प्रत्यक्ष काम करायला सांगा.

खाटेवर कुणाला तरी झोपवा. व्हेंटिलेटर, दोन इन्फ्युजन पंप, सलाइनचा स्टँड लावा. आता "हृदय थांबलं" असं ओरडा आणि घड्याळ लावा. क्रॅश कार्ट (तातडीची औषधं आणि उपकरणं असलेली ढकलगाडी) कुठून आत येते? डोक्याच्या बाजूला नळी घालणाऱ्याला उभं राहायला जागा आहे? छातीवर दाब देणाऱ्याची कोपरं भिंतीला लागतात? मग खाट तशीच, सगळ्या यंत्रांसकट, दारातून बाहेर काढा. दाराची मोकळी रुंदी १.२ मीटर धरलेली असते, पण दार नव्वद अंशांपेक्षा पुढे उघडत नसेल तर हँडल त्यातले काही सेंटिमीटर खातं, आणि पंपाचा स्टँड नेमका तिथेच अडकतो. लिफ्टचंही असंच. १.४ × २.४ मीटरच्या लिफ्टमध्ये खाट मावते, पण खाटेबरोबर व्हेंटिलेटर आणि तीन माणसं मावत नाहीत. आयसीयूच्या रुग्णांसाठी निदान एक लिफ्ट १.८ × २.७ मीटरची हवी.

हात धुवायच्या बेसिनकडे विशेष लक्ष द्या. नळाची धार थेट जाळीवर पडली की सांडपाण्यातले जंतू शिंतोड्यांसकट बाहेर येतात. हे शिंतोडे सुमारे एक मीटरपर्यंत उडू शकतात. बेसिनच्या कडेला औषधं काढायची जागा असेल तर दोन्हींपैकी एक हलवा. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं हवं. रुग्ण आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं.

पडताळा: प्रत्येक विभागाच्या सहीनंतर नमुना गोठवा. त्यानंतर बदल हवा असेल तर त्यापायी किती दिवस जातील हे लिहूनच मागणी करायची.

## ५. धूळ: इथे माणसं दगावतात

हा टप्पा पुन्हा वाचा, विशेषतः तुमच्याकडे कर्करोगाचे, मज्जारोपणाचे किंवा अवयव प्रत्यारोपणाचे रुग्ण असतील तर.

जुन्या भिंती, छताचे पत्रे आणि माती यांत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. आकार साधारण २ ते ३ मायक्रॉन. ते हवेत तासन्‌तास तरंगतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला होणारा संसर्ग मात्र जीवघेणा ठरू शकतो. बांधकामाच्या काळात रुग्णालयांत अशा संसर्गाच्या लाटा आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

म्हणून संसर्गाच्या धोक्याचं मूल्यमापन प्रत्येक कामाआधी करायचं. त्याचा रूढ तक्ता दोन बाजूंनी बघतो: काम किती धूळ उडवणारं आहे याचे चार प्रकार, आणि जवळचे रुग्ण किती नाजूक आहेत याचे चार गट. दोन्ही जिथे छेदतात तिथे बंदोबस्ताचा दर्जा मिळतो. लोक चुकतात ते "जवळचे" या शब्दात. वरचा मजला, खालचा मजला आणि एकाच एएचयूवर असलेली लांबची खोलीही जवळच धरायची.

बंदोबस्ताचा क्रम:

१. आधी नाजूक रुग्ण दूरच्या बाजूला हलवा.

२. जुन्या इमारतीत ताजी हवा खेचणारी तोंडं कुठे आहेत ते बघा. बांधकामाच्या बाजूची तोंडं शक्य तिथे बदला, नाहीतर फिल्टर वाढवा आणि बदलण्याचा कालावधी कमी करा. त्या बाजूच्या खिडक्या सील करा.

३. जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत कडक अडसर उभारा. फॉल्स सीलिंगपर्यंतचा अडसर निरुपयोगी, धूळ वरून जाते.

४. अडसराच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवा. हवा हेपा फिल्टरमधून काढून बाहेर सोडा. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर.

५. राडारोडा झाकलेल्या गाडीतून, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी न्या. रुग्णांची लिफ्ट त्यासाठी वापरायची नाही.

दाब राहतोय का हे कळायला महागडं यंत्रच लागतं असं नाही. अडसराच्या दाराच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर ठीक. बाहेर फडफडली तर काम थांबवा. यंत्र लावाच, पण ही पट्टी रोज सकाळी धरा.

सावध: काम थांबवण्याचा अधिकार संसर्ग नियंत्रण परिचारिकेला लेखी द्या आणि ठेकेदाराच्या करारात घाला. तिला आधी कुणाची तरी परवानगी घ्यावी लागत असेल तर तो अधिकार कागदावरच राहतो.

## ६. ताबा मिळाल्यावर: वायू, हवा, पाणी, वीज

वायू. आडव्या जोडणीचा धोका इथला सर्वांत भयंकर: ऑक्सिजनच्या तोंडातून दुसराच वायू. म्हणून एका वेळी एकाच लाइनमध्ये दाब ठेवायचा, बाकी सगळ्या रिकाम्या. मग प्रत्येक आउटलेटवर जायचं. ज्याची पाळी आहे तेवढीच तोंडं फुसफुसली पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक तोंडाशी विश्लेषक यंत्राने वायू ओळखायचा आणि पांढऱ्या कापडावर झोत सोडून काजळी येते का बघायचं. तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवला नसेल तर आत ऑक्साइडची खपली धरते, ती इथे दिसते. नायट्रोजन वाहता ठेवला असेल तर तो लाइनमध्ये उरलेला असू शकतो, म्हणूनही विश्लेषक हवा. नमुन्यादाखल दहातलं एक तपासणं चालणार नाही. प्रत्येक तोंड तपासा, रुग्णालयाच्या भूलतज्ज्ञासमोर, खोली क्रमांकानिशी नोंद करून.

ऑक्सिजनची क्षमता मोजताना टाकीवर थांबू नका. एक लिटर द्रव ऑक्सिजनपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, त्यामुळे टाकी मोठी वाटते. पण हाय-फ्लो यंत्र (नाकातून वेगाने ऑक्सिजन देणारं) एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देतं, आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर ठेवलं तर तो सगळा ऑक्सिजनच असतो. अशी वीस यंत्रं एका मजल्यावर लागली तर व्हेपरायझरवर (द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो का आणि शेवटच्या खाटेशी दाब टिकतो का, हे विचारा.

हवा. शस्त्रक्रियागृहात तासाला २० वेळा, विलगीकरण खोलीत १२ वेळा हवा बदलणं हे सर्वत्र वापरले जाणारे आकडे आहेत. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या रुग्णाची खोली ऋण दाबाची (बाहेरच्यापेक्षा कमी), मज्जारोपणाच्या रुग्णाची धन दाबाची (बाहेरच्यापेक्षा जास्त). फरक निदान २.५ पास्कल. बटण दाबून दाब उलटवता येणारी खोली घेऊ नका. चुकीच्या बाजूला राहिलेलं बटण रात्री कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणी. नळ्या लवकर भरून ठेवणं ही नेहमीची चूक. २० ते ४५ अंश सेल्सियसच्या साचलेल्या पाण्यात लीजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जीवाणू वाढतो. रुग्ण येण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं थांबून पाणी भरा, निर्जंतुक करा, आणि भरल्या दिवसापासून प्रत्येक नळ वेळापत्रकाने सोडा. गरम पाणी ६० अंशांवर साठवा. भाजू नये म्हणून बसवलेला मिश्रण व्हॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ ठेवा.

वीज. मुख्य स्विच खरोखर पाडा, सगळा भार चालू असताना. आयसीयूत स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. अत्यावश्यक पुरवठा १० सेकंदांत आला पाहिजे, आणि यूपीएसवरची यंत्रं मधल्या काळात क्षणभरही बंद पडता कामा नयेत.

## ७. खोल्यांना एकच क्रमांक

वाचायला किरकोळ, पण फार त्रास देणारी गोष्ट. ठेकेदाराच्या नकाशात खोली बी-३-१४, दारावर ३१२, संगणकात वेगळाच कोड, फायर अलार्मच्या पॅनेलवर चौथंच नाव. वायूच्या चाचण्या सुरू होण्याआधीच अंतिम क्रमांक ठरवा आणि चारही ठिकाणी तेच घाला.

## ८. तालीम

फिरवून दाखवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कर्मचारी खोटा रुग्ण होऊन झोपला पाहिजे, खोटा नमुना खऱ्या वाटेने प्रयोगशाळेत गेला पाहिजे, रक्तपेढीतून पिशवी येईपर्यंतची मिनिटं मोजली पाहिजेत. कोड ब्लूची (हृदय थांबल्याची) हाक रात्री तीन वाजता द्या, कारण तेव्हा माणसं कमी असतात आणि जोडपुलाचं दार कुलूपबंद असू शकतं. फायरची तालीम आडवी करा: रुग्ण खाली न नेता त्याच मजल्यावरच्या पुढच्या अग्निरोधक कप्प्यात.

पडताळा: तालमीत सापडलेली प्रत्येक अडचण, ती सोडवणाऱ्याचं नाव आणि तारीख. यादीतला रुग्णसुरक्षेचा एकही मुद्दा उघडा असेल तर हलवण्याची तारीख पुढे ढकला.

## ९. हलवण्याचा दिवस

आठवडाभर आधीपासून नियोजित भरती कमी करत आणा. त्या दिवशी नियोजित शस्त्रक्रिया नकोत. दोन्ही इमारतींत पूर्ण माणसं, दोन्हीकडे क्रॅश कार्ट, आणि निर्णय घेणारी एकच खोली.

पहिले दहा-बारा रुग्ण स्थिर प्रकृतीचे न्या. लिफ्ट, पूल, दारं यांतली अडचण त्यांच्यावर निभावते. आयसीयूचे रुग्ण त्यानंतर, एका वेळी एकच; आधीचा पोचून मॉनिटरवर लागल्याचा निरोप आल्याशिवाय पुढचा निघणार नाही.

प्रत्येक रुग्णासोबत एक कार्ड: नाव, नवी खाट, कुठली यंत्रं, कोण सोबत, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ. ऑक्सिजनचं गणित कार्डावरच करा. ६८० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १५ लिटरने ४५ मिनिटं पुरतो. प्रवास दहा मिनिटांचा असला तरी लिफ्ट अडकू शकते, म्हणून लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठ्याशिवाय निघू नका. पंपांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्ज केलेल्या. नातेवाइकांना आदल्या दिवशी नवी खोली आणि थांबायची जागा सांगितलेली. अमली औषधांची मोजणी दोघांनी मिळून, दोन्ही टोकांना.

जुना वॉर्ड शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत चालू वॉर्डच आहे. तिथली माणसं किंवा औषधं लवकर हलवू नका.

## १०. पहिले सहा आठवडे

पहिले काही दिवस प्रत्येक मजल्यावर एक तंत्रज्ञ बसवा, फोनवर नको, प्रत्यक्ष. तक्रारी रोज एकाच वहीत घ्या, कारण एकच दोष पाच खोल्यांत असेल तर तो वहीतच दिसतो.

जुन्या इमारतीचे रिकामे वॉर्ड लगेच पाडायला देऊ नका. नव्यात मोठा बिघाड झाला तर काही खाटा परत उघडता येतील अशी तयारी ठरलेल्या तारखेपर्यंत ठेवा आणि तोवर तिथले नळही सोडत राहा. ती तारीख उलटल्यावर वायूच्या शाखा मुख्य लाइनपाशी कायमच्या बंद करा. पाण्याच्या नळ्या मात्र मुख्य लाइनला अगदी लागून कापा. हातभर लांबीचं टोक राहिलं तरी त्यात पाणी साचतं, आणि तीच लाइन जुन्या इमारतीत उरलेल्या शस्त्रक्रियागृहाला जाते.